ग्रीकांची एक तारीख

‘एक तारीख’ या दोन शब्दांतला गोडवा फक्त पगारदार माणसालाच कळतो. अर्थात त्याच दिवशी वाणी, दूधवाला आणि घरमालकही तो चाखायला येतात, ही गोष्ट वेगळी!

प्राचीन रोममध्येही हीच रीत. महिन्याचा पहिला दिवस म्हणजे ‘कॅलेंड्स’. त्या दिवशी कर्जाचं व्याज भरायचं. सावकाराच्या व्याजवहीचं नाव ‘कॅलेंडारियम’. म्हणजे आपल्या भिंतीवर सुखाने डोलणारं कॅलेंडर हे मूळचं सावकाराचं खातं!

रोमन माणूस तारखा उलट्या मोजी. महिन्यात खुणेचे दिवस तीनच. पहिला कॅलेंड्स, पाचवा किंवा सातवा ‘नोन्स’ आणि तेरावा किंवा पंधरावा ‘आइड्स’. मार्चच्या आइड्सला, म्हणजे १५ तारखेला, इ.स.पू. ४४ मध्ये सीझरचा खून झाला. बाकीच्या तारखा म्हणजे पुढच्या खुणेला किती दिवस उरले तो हिशेब. आमच्याकडेही २० तारखेनंतर सौ. तारीख अशीच सांगते.

सीझरच्या पंचांगात ३० जानेवारी म्हणजे ‘फेब्रुवारीच्या कॅलेंड्सआधीचा तिसरा दिवस’. तुम्ही म्हणाल, दोनच दिवस उरले की! पण रोमन माणूस दोन्ही टोकं धरी. मीही एकदा बँकेत तेच केलं. ठेवीवर व्याज काढताना पैसे ठेवल्याचा दिवस धरला आणि काढल्याचाही. एका दिवसाच्या जादा व्याजापायी साहेबांनी मेमो दिला. आठवडाभर मला जेवण गोड लागलं नाही.

नंतर वाचलं, की रोमच्या पुरोहितांनी याहून मोठा घोळ घातला होता. सीझरने इ.स.पू. ४५ पासून नवं कॅलेंडर लावलं. दर चौथ्या वर्षी एक दिवस वाढवायचा होता. सीझर गेल्यावर पुरोहितांनी दोन्ही टोकं धरून मोजलं आणि दर तीन वर्षांनीच दिवस वाढवत बसले! ३६ वर्षांत ९ ऐवजी १२ दिवस. शेवटी ऑगस्टसने काही लीप वर्षं गाळून बाकी जुळवली. साक्षात सूर्याच्या खात्यात तीन दिवसांची चूक! हे वाचल्यावर माझा मेमो मला एकदम हलका वाटू लागला.

हा ऑगस्टस बुडव्या कर्जदारांबद्दल म्हणे, ‘हे ग्रीकांच्या कॅलेंड्सला पैसे देतील.’ ग्रीकांकडे कॅलेंड्स नव्हतेच!

माझा एक मित्र सात वर्षांमागे पाचशे रुपये घेऊन गेला. ‘एक तारखेला नक्की’ असं आजही म्हणतो. माणूस शब्दाचा पक्का आहे. कुठल्या देशाची एक तारीख, हे विचारायचं मीच विसरलो.