जकात : आधी ठरलेली आणि मागाहून ठरणारी

परराज्याच्या अनुदानाने स्वस्त झालेल्या मालावर जादा जकात बसवावी, हा विचार आपल्याकडेही जुना आहे. व्हाइसरॉय कर्झनच्या अमदानीत, 1899 साली, हिंदुस्थान सरकारने युरोपातील अनुदानित बीट-साखरेवर तशी जकात लादली होती. पुढे 1904 साली कॅनडाने डम्पिंगविरुद्ध, म्हणजे घरच्या भावाहून स्वस्तात परदेशी माल लोटण्याविरुद्ध, पहिला कायदा केला.

अशा जादा जकातींच्या वसुलीची तऱ्हा मात्र देशोदेशी भिन्न झाली. अमेरिकेत माल बंदरात उतरताना आयातदार केवळ अंदाजी रक्कम अनामत ठेवतो, आणि मागाहून वर्षभराच्या व्यवहारांची फेरतपासणी होऊन खरा आकार ठरतो, तेव्हा त्यास व्याजासह परतावा मिळतो किंवा फरक भरावा लागतो. 1984 च्या कायद्याने ही तपासणी मागणीवर सोपवली, आणि कोणी मागितलीच नाही तर सामान्यतः अनामतीच्या दरानेच हिशेब मिटतो. युरोपीय संघात व भारतात चौकशीअंती ठरलेला दर पुढे येणाऱ्या मालास लागू होतो आणि मुदतवाढ न मिळाल्यास पाच वर्षांनी संपुष्टात येतो.

पहिल्या पद्धतीत हिशेब अधिक काटेकोर खरा. परंतु दहा टक्के अनामत भरून, माल विकून मोकळ्या झालेल्या व्यापाऱ्यास उद्या पंधरा टक्क्यांचा हुकूम आला, तर तो फरक गिऱ्हाइकाकडून उगवण्याची वेळ केव्हाच टळलेली असते. सौद्यापूर्वीच देणे कळावे, हा व्यापाराचा पहिला हक्क मानला, तर दुसरी पद्धतच अधिक न्याय्य ठरते.