उजेडाचं औषध आणि पेशींचा गोळा

मैत्रिणींनो, कोडावर बावची लावून उन्हात बसायचं, हा उपाय आपल्यापैकी बऱ्याचजणींनी ऐकलाय. (स्वतःहून करू नका, कातडी भाजते.) औषध आणि उजेडाची अशीच एक जोडी कॅन्सरवरही वापरतात.

१९०० च्या सुमारास जर्मनीत, म्युनिकला, ऑस्कर राब हा विद्यार्थी पाण्यातले सूक्ष्म जीव रंगात ठेवून बघत होता. अंधारात ते जगले, उजेडात मेले. १९०३ मध्ये त्याचे गुरू टापायनर यांनी हाच प्रयोग त्वचेच्या कॅन्सरवर केला. १९७८ मध्ये अमेरिकेत डॉहर्टी यांनी २५ रुग्णांचे निकाल मांडले.

'प्रयोगशाळेत कॅन्सर बरा झाला' असा मेसेज बचत गटात फिरला, की आम्ही विचारतो, कशावर तपासलं? काचेच्या ताटलीत पेशींचा पातळ थर असतो, त्या चटकन मरतात. गाठ मात्र लाडवासारखी घट्ट. म्हणून १९७१ मध्ये कॅनडात सदरलँड यांनी पेशींचे गोळेच वाढवून दाखवले. हे औषध बहुतेक प्राणवायूच्या जोरावर चालतं, आणि मोठ्या गोळ्याच्या मध्यापर्यंत तो पोचत नाही. वरच्या पेशी मरतात, आतल्या तग धरतात. त्यामुळे आता उजेड थांबून थांबून देऊनही पाहतात. मधल्या वेळात प्राणवायू पुन्हा आत शिरतो.