घरीं आणलेले खटले

शनिवारीं सायंकाळीं ग्रंथालयांतून परतणाऱ्या एखाद्या सभ्य गृहस्थाच्या काखेंत खऱ्या खुनांच्या हकीकतींचीं चार-पांच पुस्तकें दिसलीं, तर घरांतील वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठी पडते. विषप्रयोग, दरोडे आणि फांशी यांच्या वर्णनांत सुशिक्षित माणसानें रात्र घालवावी, हें त्यांना अभिरुचीला सोडून वाटतें. हा आक्षेप अगदींच निराधार नाहीं. परंतु या वाङ्मयाचा इतिहास पाहिला, तर त्याचा शेवट केवळ करमणुकींत झालेला नाहीं, असें आढळून येतें. अशाच एका पुस्तकानें एका निरपराध मनुष्याची सुटका होण्यास हातभार लावलेला आहे.

या वाङ्मयाचा उगम मात्र मोठासा गौरवास्पद नव्हे. लंडनच्या न्यूगेट तुरुंगांत फांशीची शिक्षा झालेल्या कैद्यांना अखेरचा धर्मोपदेश करण्यासाठीं एक पाद्री नेमलेला असे. हा पाद्री त्या कैद्यांचीं चरित्रें व कबुलीजबाब छापून विकी आणि त्यावर चांगली कमाई करी. पुढें अठराव्या शतकांत ‘न्यूगेट कॅलेंडर’ या नांवानें अशा हकीकतींचे जाडजूड संग्रह निघाले. पापाचें फळ काय मिळतें हें मुलांना कळावें, या सद्धेतूनें कित्येक इंग्रज घरांत ते धर्मग्रंथांच्या शेजारीं ठेवलेले असत.

ज्यांना ग्रंथ परवडत नसत, त्यांच्यासाठीं एका पेनीचे छापील कागद होते. सफोक परगण्यांतील पोल्स्टेड गांवीं मारिया मार्टेन नांवाच्या तरुणीचा खून केल्याबद्दल विल्यम कॉर्डर यास १८२८ सालीं फांशी झाली. लंडनचा मुद्रक जेम्स कॅटनॅक यानें त्याच्या अखेरच्या कबुलीजबाबाचे कागद काढले. त्यांच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या, असें सांगतात. इतकेंच नव्हे, तर या खटल्याच्या वृत्तान्ताची एक प्रत कॉर्डरच्याच कातडीनें बांधण्यांत आली, आणि बेरी सेंट एडमंड्स येथील संग्रहालयांत ती अजून जतन केलेली आहे. अशा कागदांत वाचकाला विचार करण्यासारखें कांहींच नसे. गुन्हा सिद्ध झालेला, गुन्हेगार मेलेला. उरे तें फक्त कुतूहल.

१९०५ सालीं या प्रकाराला निराळें वळण लागलें. स्कॉटलंडमधील विल्यम हॉज आणि कंपनी या प्रकाशकांनीं प्रसिद्ध खटल्यांची एक माला सुरू केली. तींत साक्षीदारांच्या जबान्या, उलटतपासणी, वकिलांचीं भाषणें व न्यायाधीशांनीं ज्यूरीस केलेला उपदेश हें सर्व सविस्तर छापलें जाई. एडिंबरोचे वकील विल्यम रफहेड हे या मालेच्या संपादकांपैकीं एक. खुनाचे खटले कोर्टांत प्रत्यक्ष बसून ऐकण्याचा त्यांना तरुणपणापासून नाद होता. त्यांनीं १९१० सालीं संपादिलेला ऑस्कर स्लेटरच्या खटल्याचा खंड या मालेंत विशेष संस्मरणीय ठरला.

त्या खटल्याची हकीकत अशी : २१ डिसेंबर १९०८ रोजीं सायंकाळीं ग्लासगो शहरांत मॅरियन गिलख्रिस्ट या वृद्ध व श्रीमंत बाईचा राहत्या घरीं खून झाला. मोलकरीण वर्तमानपत्र आणण्यास दहा मिनिटें बाहेर गेली होती. ती परतली, तेव्हां एक अनोळखी मनुष्य तिच्या देखत शांतपणें निघून गेला. घरांतून एक हिऱ्यांची पिन नाहींशी झाली होती. ऑस्कर स्लेटर या जर्मन ज्यू गृहस्थानें अशीच एक पिन गहाण टाकल्याचें पोलिसांना कळलें, आणि तो त्याच सुमारास अमेरिकेस निघून गेल्यामुळें संशय बळावला. वास्तविक ती पिन स्लेटरचीच होती, व खुनाच्या कित्येक आठवडे आधींपासून गहाण पडलेली होती. तरीहि तपासाचें चाक मागें फिरलें नाहीं. साक्षीदारांना ओळख पटविण्यापूर्वींच त्याचें छायाचित्र दाखविण्यांत आलें. स्लेटर मात्र आपण होऊन खटल्यास परत आला.

मे १९०९ मध्यें एडिंबरो येथें पंधरा जणांच्या ज्यूरीपैकीं नऊ जणांनीं त्यास दोषी ठरविलें. पांच जणांनीं गुन्हा शाबीत नाहीं असें मत दिलें, आणि एकानें तो निर्दोष असल्याचें सांगितलें. त्या काळच्या स्कॉटिश कायद्याप्रमाणें एवढें बहुमत गळफांसास पुरेसें होतें. फांशीला दोन दिवस उरले असतां ती शिक्षा रद्द होऊन जन्मठेप झाली, आणि स्लेटर पीटरहेडच्या तुरुंगांत खडी फोडूं लागला.

रफहेड यांच्या खंडांतील साक्षीपुरावा वाचून ज्यांचें मन अस्वस्थ झालें, त्यांत सर आर्थर कॉनन डॉइल हे होते. शेरलॉक होम्सच्या या जनकानें १९१२ सालीं एक पुस्तिका लिहून पुराव्यांतील एकेक भोंक दाखवून दिलें. सरकार हाललें नाहीं. १९१४ सालीं ट्रेंच नांवाच्या पोलिस अधिकाऱ्यानें आपल्याच खात्याच्या तपासांतील दोष उघड केले. चौकशी झाली, पण निकाल कायम राहिला आणि ट्रेंच बडतर्फ झाला. १९१९ सालीं तो मरण पावला, तेव्हां स्लेटर तुरुंगांतच होता. १९२७ सालीं विल्यम पार्क या पत्रकारानें नवें पुस्तक लिहिलें, डॉइल यांनीं त्याचा पुरस्कार केला, आणि त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत स्लेटर सुटला. त्यानें साडेअठरा वर्षें कैद भोगली होती. त्याचें जुनें प्रकरण अपिलांत घेतां यावें म्हणून खास कायदा करावा लागला, व जुलै १९२८ मध्यें, न्यायाधीशांनीं ज्यूरीस चुकीचें मार्गदर्शन केलें या कारणावरून, शिक्षा रद्द झाली. भरपाईदाखल त्यास ६,००० पौंड मिळाले.

कॅटनॅकचा कागद आणि रफहेडचा खंड, दोन्ही खुनाच्याच हकीकती. दोन्ही वाचण्यामागें तेंच मानवी कुतूहल. भेद इतकाच कीं, पहिला वाचकास निकाल ऐकवितो, तर दुसरा त्याच्यापुढें पुरावा मांडतो. पहिल्याचा वाचक वधस्तंभाभोंवतीं जमलेल्या गर्दींतला एक होतो. दुसऱ्याचा वाचक ज्यूरीच्या बांकावर बसतो. एडिंबरोच्या कोर्टांत एकट्या ज्यूररानें स्लेटरला निर्दोष म्हटलें, त्याच्या मताला त्या दिवशीं किंमत आली नाहीं. पुढें घरोघर दिव्यापाशीं तीच साक्ष सावकाश वाचणाऱ्यांनीं त्याला दुजोरा दिला.

म्हणून ग्रंथालयांतून आलेल्या त्या चळतीकडे पाहून वडीलधाऱ्यांनीं आठी घालण्यापूर्वीं आंत जबान्या आहेत कीं नुसत्या किंकाळ्या आहेत, तेवढें पाहावें. जबान्या असतील, तर दिवा आणखी घटकाभर जळूं द्यावयास हरकत नाहीं.