राज्य, धर्म आणि आपली आष्टी

आज आम्ही एका चित्रापासून सुरुवात करतो. सव्वादोनशे वर्षांमागे फ्रान्समधल्या चित्रकारांची एक रीत होती. जे डोळ्यांना दिसत नाही, ते बाईच्या रूपात काढायचं. न्याय म्हणजे तराजू धरलेली बाई. धर्म म्हणजे क्रूस धरलेली बाई. राज्य म्हणजे मुकुट घातलेली. राज्य आणि धर्म एक झाले हे दाखवायचं, तर दोघींना हातात हात घालून उभं करायचं. अंगावर जुन्या ग्रीक-रोमन धाटणीची वस्त्रं, चेहरे अगदी शांत.

कागदावरचा करार मात्र पुरुषांचा. १८०१ साली नेपोलियन आणि पोप सातवे पायस यांच्यात समझोता झाला. पाद्र्यांना पगार सरकार देणार आणि बिशपांनी सरकारशी इमान राखायची शपथ घ्यायची. आता पगार देणाऱ्याला चार शब्द सुनावणार कोण? आणि जिथं राज्य बाईच्या रूपात काढत, त्या देशातल्या बायकांना मताचा हक्क मिळाला तो थेट १९४४ साली!

आपल्या घरांतही असं एक चित्र असतं. भवानीमाता शिवरायांना तलवार देते आहे. धर्माचा आशीर्वाद राज्याला, हीच त्यातली गोष्ट. पण राज्य परक्याचं असेल, जुलमी असेल, तर धर्मानं कुठं उभं राहायचं?

याचं उत्तर आपल्या आष्टीत सापडतं. वर्धा नदीपलीकडे मोझरीला तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम. त्यांची खंजिरी या भागात गावोगाव वाजायची. भजन देवाचं, पण ऐकणाऱ्याला देशाचंही भान यायचं. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही असा सण. त्या दिवशी लोक तिरंगा घेऊन पोलीस ठाण्यावर गेले. गोळीबार झाला. शहीद झालेल्यांत हिंदू होते, मुसलमानही होते. चिडलेल्या जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले, तेही सांगितलं पाहिजे. बारा दिवसांनी, २८ ऑगस्टला, सरकारनं महाराजांना चंद्रपुरात अटक केली. खंजिरी वाजवणाऱ्या माणसाची इंग्रजांना भीती वाटली, यावरून काय ते समजा.

पुढे आष्टी आणि चिमूरच्या खटल्यांत फाशीच्या शिक्षा झाल्या. या माणसांसाठी उभ्या राहिल्या नागपूरच्या अनसूयाबाई काळे. १९३७ सालीच त्या मध्यप्रांताच्या विधानसभेत उपसभापती झालेल्या. कैद्यांना फासावरून सोडवायची चळवळ त्यांनी नेटानं चालवली. फ्रेंच चित्रातल्या बाईला नाव नसतं, नवऱ्यासाठी रडणारी आई-बहीण तिच्या दारी येत नाही. अनसूयाबाईंचं काम अशाच घरांसाठी होतं. १९४५ साली उरलेल्या कैद्यांचीही फाशी टळली. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत नागपूरनं त्यांना लोकसभेत पाठवलं.