आजीची भोजली

2018च्या ऑगस्टअखेरीस मी रायपूरला कायमची परत आले, तेव्हा ब्राह्मणपाऱ्यातलं आमचं घर नऊ वर्षं बंद होतं. कुलपात तेल सोडून किल्ली फिरवावी लागली. मोरीच्या कोपऱ्यात पिंपळाचं रोप हातभर वाढलेलं, देवघरात वाळवी. पुण्यात सदतीस वर्षं शाळेत शिकवलं, तिथेच यजमान गेले. आता इथे ओळखीचं कोण उरलं असेल, याचाच विचार करत रात्री चटईवर पडले.

सकाळी कडी वाजली. दारात पंचाहत्तरीची एक बाई. हातात सूप, सुपात तांदूळ, कोहळ्याच्या बड्या, कागदात मीठ आणि हळद, शेजारी स्टीलच्या डब्यात गरम चीले आणि टमाट्याची चटणी. मी ओळखायच्या आधीच ती म्हणाली, "आ गेस नोनी?" आलीस का पोरी, एवढंच. जशी मी काल बाजारात गेले होते.

ही काकी. आमच्या जातीची नाही, नात्याची नाही. राहते पुरानी बस्तीत, म्हणजे भिंतीला भिंत लागून शेजारही नाही. तिची सासू आणि माझी आजी एकमेकींच्या भोजली होत्या.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजावून सांगायला हवं, कारण आपल्याकडे ‘मैत्रीण’ म्हटलं की विषय संपतो. छत्तीसगढात मैत्री लग्नासारखी रीतसर लावतात. त्याला मितान, म्हणजे मित्र, ‘बदना’ म्हणतात. ज्या वस्तूच्या साक्षीने मैत्री बदली, तेच त्या नात्याचं नाव. जगन्नाथपुरीच्या भाताचा प्रसाद वाटून घेतला तर ‘महापरसाद’, गंगेचं पाणी असेल तर ‘गंगाजल’, तुळशीचं पान असेल तर ‘तुलसीदल’. रथयात्रेत भिजवलेल्या मुगाचा प्रसाद मिळतो, त्यावरून ‘गजामूंग’. एकदा बदलं की त्या दोघांनी जन्मभर एकमेकांचं नाव घ्यायचं नाही. भेटल्यावर "सीताराम महापरसाद" म्हणायचं. मितानाचे आईवडील ते फूलदाई आणि फूलददा. त्यांच्या घरच्या लग्नात उभं राहायचं आणि मयतालाही.

भोजली हे त्यातलं बायका-मुलींचं नातं. नागपंचमीच्या सुमारास टोपलीत खतमाती घालून गहू पेरतात आणि टोपली अंधाऱ्या खोलीत ठेवतात. ऊन न मिळाल्यामुळे अंकुर हिरवे न होता पिवळेधमक वाढतात. रोज संध्याकाळी मुली त्यांना हळदीचं पाणी शिंपडतात, गाणी म्हणतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी टोपल्या डोक्यावर घेऊन मिरवणूक तलावावर जाते. आपल्या पंचांगात ती श्रावण वद्य प्रतिपदा, इथल्या पंचांगात मात्र भादो लागलेला असतो. एकाच घरात दोन महिने चालू असायचे आणि आजीला त्याचं काही वाटत नसे.

माती धुऊन मूठभर अंकुर परत आणतात. दोघी समोरासमोर उभ्या राहतात आणि एकीने दुसरीच्या कानावर ते खोवायचे. आजी मला करून दाखवायची. आपली बोटं माझ्या कानामागे नेऊन, केस बाजूला सारून, तीन-चार पिवळ्या काड्या अशा अलगद अडकवायची की त्या मोडत नसत आणि पडतही नसत. ओल्या अंकुरांचा गार स्पर्श, हळदीचा वास. मग ती हसून म्हणायची, "सीताराम भोजली." वर्ध्याकडून लग्न होऊन आलेल्या या बाईच्या तोंडची छत्तीसगढी एरवी फार तुटक, पण हे दोन शब्द पक्के इथले.

आजी कंकाली तलावावर भोजली झाली ते साल तिला सांगता येत नसे. दुसरं महायुद्ध अजून सुरू व्हायचं होतं, एवढं तिच्या बोलण्यातून कळायचं.

मला यात एक मोठी गोष्ट दिसते. आम्ही मराठी माणसं या मुलखात आलो ती पाहुणे म्हणून नव्हे. 1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांचा भास्करपंत फौज घेऊन रतनपूरवर चालून आला आणि हैहयांचं जुनं राज्य मोडलं. पुढे बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरातून कारभार केला. 1818 नंतर इंग्रज अधिकारी ॲग्न्यू याने मुख्य ठाणं रतनपूरहून रायपूरला हलवलं. 1854 मध्ये नागपूरचं राज्यच खालसा झालं. त्यानंतर कारकून, वकील, मास्तर म्हणून मराठी कुटुंबं येतच राहिली. त्यांतल्या काहींनी या गावाला मनापासून दिलंही. माधवराव सप्रे यांनी 1900 मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं, पुढे दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेलं, आणि 1926 मध्ये रायपुरातच त्यांनी देह ठेवला. वामनराव लाखे यांनी इथे सहकारी बँकेची चळवळ उभी केली, म्हणून आजही लाखेनगर आहे. ही नावं इतिहासात आली, योग्यच झालं. पण फौजेच्या आणि कचेरीच्या मागून आलेल्या माणसांना या गावाने आपलं मानलं, ते कोणत्याही हुकमाने नाही. ते बायकांनी तलावाच्या पायरीवर केलं. कानावर अंकुर खोवून.

मितान बदण्याची ही रीत कशी पडली याचं एकच उत्तर नसेल. पण या मुलखाला माणसं जाण्याची सवय फार जुनी आहे. 1899-1900 च्या दुष्काळाच्या आगेमागे इथली कुटुंबंच्या कुटुंबं आसामच्या चहामळ्यांवर गेली. अजूनही गावागावांतून ‘कमाय-खाय बर’, म्हणजे पोटापाण्यासाठी, जाणं चालूच आहे. भाऊबंद लांब गेल्यावर दारातल्या म्हाताऱ्यांना बघायचं कुणी? मितान तिथे उपयोगी पडतो, कारण त्याने साक्षीदारांसमोर शब्द दिलेला असतो.

‘मितान’ हा शब्द किती खोल रुजला आहे ते मला 2002 नंतर कळलं. छत्तीसगढ राज्य दोन वर्षांचं होतं आणि खेड्यांत आरोग्यसेवा पोचत नव्हती. तेव्हा प्रत्येक पाऱ्यातून, म्हणजे वस्तीतून, तिथल्याच लोकांनी एक बाई निवडायची, असं ठरलं. तिला ‘मितानिन’ म्हटलं. सुमारे 60 हजार बायका उभ्या राहिल्या, सुरुवातीला तर पगाराशिवाय. 2005 पासून देशभर ‘आशा’ कार्यकर्त्या आल्या, त्यांच्या आधीचा हा प्रयोग. सरकारी योजनांना नावं पुष्कळ देतात, पण हे नाव लोकांच्या तोंडी आधीपासून होतं. तापाने फणफणलेल्या लेकराला घेऊन रात्री कुणाचं दार ठोठवायचं, हे त्या नावातच आलं.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. मितानीत जात आड येत नाही असं सगळे म्हणतात, आणि बदताना ती येत नसे हे खरं. चुलीशी मात्र यायची. आजीने भोजलीच्या घरचा शिजवलेला भात कधी खाल्ला नाही. सोवळं आडवं यायचं. त्या घरून शिधा यायचा, कच्चे तांदूळ, बड्या, भाजी, आणि आजी तो आपल्या चुलीवर शिजवायची. काकीच्या सासूने याचा राग कधी बोलून दाखवला नाही. ती सुपातच पाठवत राहिली. आजी गेली त्या दिवसापासून तिने दहा दिवस घरात फोडणी दिली नाही, हे मला काकीने परवा सांगितलं. आजी जाईपर्यंत तिचं नाव त्या घरात कुणाला माहीतही नव्हतं. भिंतीवरच्या फोटोखाली लिहायचं म्हणून त्यांनी आम्हाला विचारायला माणूस पाठवला होता.

मी आले त्यानंतर पंधरवड्याने तीजा आला. आपली हरितालिका तीच इथली तीजा, दिवस एकच. पण आपण सासरी बसून पूजा करतो, आणि इथे लेकीला माहेरी आणतात. भाऊ पोळ्याच्या आसपास बहिणीला न्यायला जातो. मग सत्तरीची म्हातारीही माहेरी येते आणि ‘तीजहारिन’ म्हणवते. उपवासाच्या आदल्या रात्री कारल्याची भाजी आणि भात खातात, तो ‘करू भात’, कडू भात. तोही एका घरी नाही. पाऱ्यातल्या घराघरातून बोलावणी येतात आणि प्रत्येक ठिकाणी दोन घास खावे लागतात.

मला भाऊ नाही, आईवडीलही राहिले नाहीत. हरितालिकेची वाळू आणायची का, या विचारात मी 11 सप्टेंबरच्या संध्याकाळी ओट्यावर बसले होते. काकीचा मुलगा स्कूटर घेऊन आला. पन्नाशीचा माणूस, केस पिकलेले. गाडी स्टँडवर लावून तो हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "तीजा लेगे बर आय हंव, दीदी." पुरानी बस्ती ते ब्राह्मणपारा, चालत गेलं तरी जवळच. पण न्यायला भावानेच यायचं असतं.

काकीच्या स्वयंपाकघरात पाट मांडला होता. स्टीलच्या थाळीत वाफाळता भात, त्यावर कारल्याच्या चकत्या, कडेला काळपट झालेल्या, वर तीळ. काकी माझ्याकडे बघत होती. मी भात कालवला आणि खाल्ला. तिने काही न बोलता दुसऱ्यांदा वाढला, मग उठून मागच्या दारात गेली आणि शेजारणीला मोठ्याने हाक मारली, "भोजली घर के तीजहारिन आ गे हे, तुंहर घर घलो भात मढ़ा देव!"