खोंडाचा वाटा : सातारा-सांगलीतील वासरू-संगोपनाचा इतिहास

सातारा जिल्ह्यातील माण-खटाव आणि सांगली जिल्ह्यातील आटपाडी-जत हा खिलार गोवंशाचा जुना पट्टा आहे. ‘खिलार’ म्हणजे गुरांचा कळप. पाऊस बेताचा आणि माळ मोठे, त्यामुळे कळप चरायला लांब न्यावे लागत. या भागात काटक, पांढरी, लांब शिंगांची गुरे वाढली. म्हसवड आणि आटपाडी या गावांची नावे खिलारच्या दोन प्रकारांना मिळाली. 

खिलार गाय दूध थोडे देते. तिची खरी कमाई खोंडात होती. कृष्णाकाठच्या काळ्या रानात नांगर, मोट आणि उसाची गाडी ओढायला दमदार बैल लागत. म्हणून खोंड जन्मला की आईचे बहुतेक दूध त्यालाच पाजत आणि घराला उरेल तेवढेच मिळे. कालवडीच्या वाट्याला त्याहून कमी येई. पुढे खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या आणि पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत खोंडांचा बाजार भरे. गिऱ्हाईक दात बघून आदत, दुसा, चौसा असे वय ठरवी आणि चाल पाहून किंमत करी.

गायीची निगाही वासराभोवती फिरे. गाभण गाय विण्याआधी आटवत, म्हणजे तिचे दूध काढणे बंद करत. व्याल्यावर तिला शिजवलेली बाजरी आणि गूळ देत. एका समजुतीने मात्र वासरांचे नुकसान झाले. चीक, म्हणजे व्याल्यावरचे पहिले दूध, जड असतो, म्हणून वार पडेपर्यंत वासराला पाजू नये, असे अनेक घरांत मानत. गायीच्या गर्भाला आईची रोगप्रतिकारशक्ती पोटात मिळत नाही, ती चिकातूनच मिळते. ती शोषून घेण्याची आतड्याची ताकद जन्मानंतर तासातासाने घटत जाते. म्हणून आता पहिल्या एक-दोन तासांतच चीक पाजण्याचा सल्ला दिला जातो.

विसाव्या शतकात हा हिशेब उलटला. 1939 मध्ये भिलवडीत चितळे डेअरी सुरू झाली आणि दुधाला रोजचे गिऱ्हाईक मिळाले. 1970 मध्ये देशात दूध महापूर योजना सुरू झाली. पुढे होल्स्टीन आणि जर्सीच्या संकरित गायी गोठ्यात आल्या. मोटेची जागा पंपाने घेतली, नांगराची ट्रॅक्टरने. दूध विकाऊ झाले, तसा वासराचा वाटा लिटरमध्ये मोजला जाऊ लागला. अनेक गोठ्यांत वासरू जन्मताच वेगळे करून बाटलीने किंवा बादलीने पाजतात. कालवड उद्याची दुभती गाय म्हणून जपली जाते, संकरित खोंड मात्र नकोसा होतो.

खिलार खोंडाचे मोल बैलगाडा शर्यतींनी टिकवले. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर 2021 मध्ये त्यांना अटींसह परवानगी दिली आणि 2023 मध्ये घटनापीठाने शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा वैध ठरवला. शर्यतीसाठी खोंड तयार करणाऱ्या गोठ्यांत आईचे दूध आजही आधी वासराला मिळते.