लोणारच्या काठावरचा काळा मणी

लोणारला दैत्यसूदनाच्या दर्शनाला आपल्यापैकी पुष्कळजण जाऊन आले असतील. सरोवराच्या काठच्या मातीत बारकाईने पाहिले तर काचेचे काळे, चकचकीत मणी दिसतात. काही मोहरीहूनही लहान. कुणाचे मंगळसूत्र तुटले असावे असेच वाटते!

१८२३ साली, वऱ्हाड निजामाकडे असताना, अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हे सरोवर पाहिले. पुढे दीडशे वर्षे बहुतेक जाणकार याला ज्वालामुखीचे तोंड समजत. त्यात नवल नाही, कारण अवघे दख्खन लाव्ह्याच्या काळ्या दगडाचे, आणि ज्वालामुखीतूनही काच निघतेच. तेव्हा नुसत्या मण्यावरून निवाडा होण्यासारखा नव्हता.

निवाडा केला तो १९७३ साली फ्रेडरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांत आपल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचेही लोक होते. (सरकारी खात्याचे नाव अशा कामी निघाले की आम्हा नोकरदारांना जरा बरे वाटते.) सरोवराच्या तळाशी छिद्रे पाडून काढलेल्या दगडांत त्यांना मास्केलिनाइट सापडले. दगडातले फेल्स्पार हे खनिज न वितळता, केवळ प्रचंड दाबाच्या धक्क्याने काचेसारखे झाले की त्याला हे नाव. ज्वालामुखीत उष्णता असते, पण असा धक्का नसतो. तो उल्केच्या आघाताचाच. मग काठावरच्या मण्यांचाही उलगडा झाला: आघाताने वितळून उडालेल्या दगडाचे ते थेंब.

गंमत म्हणजे हे मास्केलिनाइट प्रथम ओळखले गेले १८७२ साली, तेही १८६५ मध्ये बिहारात शेरघाटीला पडलेल्या उल्केत.